टाकीला लोहचुंबक चिकटलं नाही

एका बाजारगावात, कुठलं ते विचारू नका, तिथली माणसं अजून चिडतात, एक फटफट्यांचा मिस्त्री राहायचा. हात असा की मेलेलं इंजिन उठून बसेल. आणि तोंड असं की जिवंत माणूस उठून जाईल.

कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या कडब्याखाली जुनी फटफटी सापडली की लोक ती ढकलत याच्याकडंच आणायचे. हिच्यावर मेहनत करण्यात अर्थ आहे, की सरळ भंगारात घालायची, हे मिस्त्री सांगायचा. आणि त्यानं एकदा सांगितलं की विषय संपला. देवाला कौल लावणारे पण दुसऱ्यांदा लावून बघतात, पण मिस्त्रीला दुसऱ्यांदा विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असायचं. त्याचं काम काय, तर लबाडी पकडायची. पत्रा गंजून भोक पडलं की काही लोक त्यात लांबी भरतात. लांबी म्हणजे एक लगदा. वाळला की घासायचा, वर रंग मारायचा, की झाली गाडी नवरदेव. डोळ्याला काही कळत नाही. चुंबकाला कळतं. खऱ्या पत्र्याला ते टक्कन चिकटतं आणि लांबीवरून घसरून खाली पडतं. असं भर दुकानात चुंबक पडलं की मिस्त्री खुर्चीवर मागं रेलून म्हणायचा, "उचला. पुढची गाडी आणा." म्हणून त्याला सगळे चुंबकमिस्त्री म्हणायचे. म्हणजे तोंडावर. पाठीमागं काय म्हणायचे ते इथं सांगण्यासारखं नाही.

दुकानाच्या दारात त्यानं एक पाटी लावली होती: 'मालकाने गाडीची कहाणी सांगू नये.' कारण जो येईल तो सांगायचा, आमच्या आजोबांना राजानं बक्षीस दिली, आमच्या मामांनी हिच्यावरून वाघ मारला. मिस्त्री म्हणायचा, "मालक फेकतो. चुंबक फेकत नाही."

तर एक दिवस जत्रेच्या महिनाभर आधी एक म्हातारी आली. चण बघावी तर इयत्ता चौथीतली. आणि हातात गाडी पण तिच्याच मापाची. बुटकी फटफटी. चाकं भाकरीच्या तव्याएवढी, सीट गुडघ्याच्या खाली, आणि टाकीवर लाल रंगाचे एवढे थर की टाकीनं स्वेटर घातल्यासारखं वाटावं.

"मिस्त्री, हिला चालू करून दे बाबा," म्हातारी म्हणाली. "यंदा जत्रेत मौत का कुआ परत लागणार आहे. फळ्यांची ती मोठी विहीर रे, भिंतीवर आडवी गाडी चालवतात ती. चाळीस वर्षांपूर्वी तिच्यात मीच चालवायचे."

"तुम्ही?" मिस्त्री हसला. "आजी, तुम्ही विहिरीतून पाणी काढत असाल."

"ते तुझी आई काढायची. मी गाडी चालवायचे. आणि तुझा बाप वर कठड्याला लटकून शिट्ट्या मारायचा."

समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली हसून हसून सांडली. मिस्त्रीचे कान लाल झाले.

"विहीरवाल्यांनी बोलावलंय मला," म्हातारी म्हणाली. "भिंतीवर नाही, ते वय गेलं. खालीच, मधल्या मातीत, एक फेरी. मरायच्या आधी एक फेरी मारते म्हणलं. बाकी काय बदलायचं ते बदल. टाकीला तेवढा हात लावू नको. ती टाकी माझ्या..."

मिस्त्रीनं पाटीकडं बोट दाखवलं.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. चहावाल्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं पुढचं तोंडातच ठेवलं आणि गाडी पुढं ढकलली.

मिस्त्रीनं चुंबक लावायला सुरुवात केली. चेसीला टक्क. मडगार्डला टक्क. हॅंडलला टक्क. "सांगाडा खरा आहे," तो म्हणाला. "मेहनत करण्यासारखी आहे." मग त्यानं चुंबक टाकीला लावलं आणि ते पडलं. दुसऱ्या बाजूला लावलं. पडलं. वर लावलं, खाली लावलं, टाकीच्या दोन्ही अंगाला दोन खोलगट खळगे होते त्यांत लावलं. पडलं, पडलं, पडलं.

"अख्खी टाकी लांबीची!" मिस्त्री ओरडला. "अशी लबाडी उभ्या जन्मात बघितली नाही. त्यातून चेपलेली पण आहे."

"मग देवळातली घंटा पण लांबीचीच म्हणायची," म्हातारी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कहाणी सांगायची नाही ना? एक टिचकी मार आणि कान दे. झालं."

आता टिचकी मारायला काय लागतं? एक बोट. पण आत्ताच बापाच्या शिट्ट्या निघाल्या होत्या, चहावाला बघत होता, आणि एवढा मोठा मिस्त्री म्हातारीच्या सांगण्यावरून टिचक्या मारणार? त्यानं हात खिशात घातले. "आजी, चुंबकानं निकाल दिला. जत्रेच्या दिवशी या, गाडी तयार असेल."

"आणि टाकी?"

"बरं, बरं," मिस्त्री म्हणाला. हे 'बरं, बरं' तुम्हाला माहीत आहे. आपण पण घरी रोज म्हणतो आणि मग करायचं तेच करतो.

काम मात्र त्यानं मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. इंजिन उघडून धुतलं. पिस्टनची रिंग बदलली, कार्बोरेटरची भोकं घोड्याच्या केसानं साफ केली, चाकाच्या आऱ्या एकेक करून ताणल्या. पण रोज सकाळी दुकान उघडलं की ती टाकी डोळ्यात खुपायची. माझ्या हातची गाडी, आणि तिच्यावर लगद्याचा गोळा! लोक जत्रेत बघणार, म्हणणार, चुंबकमिस्त्रीला लांबी ओळखू येत नाही.

शेवटी त्यानं टाकी खोलली. हाताला चांगलीच जड लागली. एखाद्याला शंका आली असती. हा म्हणाला, "बापरे, लांबीच किती भरलीय!"

शनिवारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्याला सवय होती, काहीही उचललं की टिचकी मारायची. त्यानं टाकीला मारली.

टणण्ण.

आवाज असा गोड की समोर चहावाल्यानं मान वर केली. भंगारवाला थांबला. "मिस्त्री, ही पण द्यायची?"

"घेऊन जा. लांबीचा गोळा आहे."

"नक्की? परत विचारतो. मग मागाहून म्हणाल..."

"माझं चुंबक खोटं बोलत नाही," मिस्त्री म्हणाला. आवाज त्यानं पण ऐकला होता बरं का. कान होते, पण त्या दिवशी ते कामावर नव्हते.

भंगारवाल्यानं खांदे उडवले आणि टाकी गोणीत घातली. मिस्त्रीनं तालुक्याहून नवी कोरी पत्र्याची टाकी आणली, लाल रंग मारला, चुंबक लावलं. टक्क! त्याला एवढं बरं वाटलं की त्यानं चहावाल्याला स्वतःहून चहा सांगितला. असं आधी कधी झालं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी म्हातारी आली. अंगात जुनी खाकी विजार, पांढरा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल. चाळीस वर्षं ट्रंकेत ठेवलेले कपडे, घडीच्या रेघा तशाच. बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. म्हातारीला त्याचं काहीच नव्हतं. ती नुसती गाडीकडं बघत होती.

मिस्त्रीनं किक मारली. एका किकेत गाडी सुरू. फट फट फट फट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हातारी सीटवर बसली. दोन्ही गुडघे टाकीला टेकवले. गुडघे घसरले. तिनं परत टेकवले, थोडे पुढं, थोडे मागं, अंधारात पायानं चप्पल शोधावी तसे. मग तिनं गाडी बंद केली आणि टाकीला टिचकी मारली.

ठप्प.

"माझी टाकी कुठाय?"

"आजी, नवी बसवली!" मिस्त्री अजून खुशीत होता. "माझ्याकडून. ती खोटी होती, चुंबक एका जागी चिकटलं नाही."

"तांब्याला चुंबक चिकटतं का रे?"

मिस्त्री हसायला गेला. मग त्याची नजर माठाशेजारी गेली. तिथं त्याचा रोजचा पाणी प्यायचा तांब्याचा तांब्या होता. तो तिथं गेला, गळ्यातलं चुंबक तांब्याला लावलं. पडलं. परत लावलं. पडलं. बाहेर विहिरीवरचा भोंगा वाजत होता.

म्हातारीनंच मग सांगितलं. पाटी होतीच दारात, पण आता तिच्याकडं बोट दाखवायला कुणाचा हात उठला नाही.

"तरणी होते तेव्हा भिंतीवरून पडले. पत्र्याची टाकी, गुळगुळीत, गुडघ्याला धर नाही. माझा भाऊ तांबट. त्यानं आईची घागर आणि मोठा हंडा मोडला. मला समोर बसवून गुडघ्याचं माप घेतलं आणि चार दिवस ठोकत बसला. तू म्हणालास ना चेपलीय? ते खळगे माझ्या गुडघ्याचे होते. परत कधी पडले नाही मी. कुणी चोरू नये म्हणून वर रंग फासायचे. भाऊ गेला, आई गेली. तेवढंच होतं रे दोघांचं."

मिस्त्री चप्पल न घालता पळाला. भंगारवाला जत्रेतच सापडला. तो म्हणाला, "मी दोनदा विचारलं होतं, मिस्त्री." टाकी त्यानं तांबट आळीत दिली होती. मिस्त्री तिथं पळाला. तांबट म्हणाला, "होय, आली होती. जुनं तांबं, काय सुरेख. परवा भट्टीत घातली. घागरी झाल्या, आज विकायला मांडल्यात."

जत्रेत भांड्यांच्या पालासमोर त्या दिवशी लोकांनी बघितलं, चुंबकमिस्त्री अनवाणी उकिडवा बसलाय आणि एकेका घागरीला टिचकी मारून कान लावतोय. टणण्ण. टणण्ण. सगळ्याच गोड वाजत होत्या. त्यातली म्हातारीची कुठली, हे आता देवाला पण सांगता आलं नसतं.

तो परत आला तेव्हा विहिरीतला खेळ संपत आला होता. म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"फेरी मारली?" त्यानं कसंबसं विचारलं.

"गुडघे कुठं टेकवू?" ती म्हणाली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "गाडी छान केलीस. तुझ्याकडंच ठेव. ही माझी नाही." आणि खाकी विजारीत, एवढीशी, ती जत्रेच्या गर्दीतून निघून गेली.

मिस्त्रीनं वर्षभर तांबटाकडं बसून ठोकायला शिकून घेतलं. तांब्याची टाकी केली. बरी झाली. पण खळगे कुठं पाडायचे? त्याला गुडघ्याचं माप पाहिजे होतं. पुढच्या जत्रेत तो सकाळपासून विहिरीच्या दाराशी टाकी घेऊन उभा होता. म्हातारी आली नाही. त्याच्या पुढच्या जत्रेत पण नाही.

आता दारात ती पाटी नाही. कुणी जुनी गाडी आणली की मिस्त्री स्टूल पुढं करतो, चहा सांगतो आणि म्हणतो, "आधी गाडीची कहाणी सांगा." लोक अजून फेकतात, राजा, वाघ, सगळं. तो ऐकून घेतो. मग टिचकी मारतो, आणि चुंबक सगळ्यात शेवटी.

कोपऱ्यात ती बुटकी फटफटी उभी आहे. वर तांब्याची टाकी, दोन्ही अंगांनी सपाट.

तात्पर्य काय, तर आपल्या चुंबकाला चिकटत नाही ते सगळंच खोटं नसतं. ज्याची वस्तू आहे त्याला आधी बोलू द्या. टिचकी मारायला एकच बोट लागतं, पण ती वेळेवर मारावी लागते.