केरबाचं मनगट

“मग दुखणेकऱ्याचा हात माझ्या हातात कधी देणार, बुवा?” केरबानं विचारलं.

सोनगिरी बुवा निखाऱ्यावर तेलाची वाटी धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीवरच्या त्या मठात बुवा हाडं बसवायचे. पंचक्रोशीत कुणाचा खांदा निखळो, कुणाचा घोटा मुरगळो, माणसाला आधी इथंच आणायचे. केरबा तालमीतला गडी. ही विद्या शिकायला म्हणून आला, त्याला दोन उन्हाळे उलटले.

आणि शिकला काय? शेण काढायला, पाणी भरायला, पाला वाटायला. बुवांचा पुतण्या तालुक्याहून आला की याच्याकडून फटफटी धुवून घ्यायचा. पायथ्याच्या लोकांना कडबा रचायचा असला की याचीच आठवण यायची. केरबा सगळ्यांना “व्हय” म्हणायचा. मठात आल्यापासून आपण कुणाला नाही म्हटलेलं नाही, याचा त्याला कोण तोरा.

पण परवापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. दाराच्या फटीतून त्यानं बघितलं होतं. कुणाचा तरी पाय पुतण्याच्या मांडीवर, आणि बुवा त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. म्हणजे आपला तो बाब्या. दुसऱ्याच्या पोरानं नुसतं राबायचं.

आज तो गाठोडं बांधूनच समोर बसला होता.

“विद्या घरातच ठेवायची असंल तर तसं तोंडावर सांगा. मी वाटंला लागतो.”

“माझा संशय आलाय तुला.”

“…व्हय.”

“बरं झालं. मला तुझा पहिल्या दिवसापासनं हाय.”

केरबाच्या अंगाची आग झाली. “माझा? मी काय चोरलं तुमचं?”

बुवांनी वाटी खाली ठेवली. हात पुढं केला.

“मनगट आण.”

केरबानं हात दिला. बुवांनी अंगठा शिरेवर ठेवला आणि मनगट हळूहळू मागं वळवायला लागले.

“दुखतंय?”

“न्हाय.”

बुवांनी आणखी वळवलं.

“आता?”

“न्हाय, बुवा.”

कळ पार कोपरापर्यंत गेली. कपाळावर घाम फुटला. केरबाच्या मनात भलतंच आलं. थेरडा हात अधू करतोय की काय? म्हणजे दुसरीकडं जाऊन शिकायलाही नको. तरी त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. तालमीत कधी काढला नव्हता, तो इथं काढणार होय?

डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“दुखतंय का रे?”

“…न्हाय.”

बुवांनी हात सोडून दिला.

“बघ. लबाड हायस.”

“सोसलं की मी.”

“मला कुठं कळलं ते? हाड कुठवर ओढायचं, निम्मं बोटं सांगतात. निम्मं दुखणेकरी सांगतो.” बुवा फडक्याला बोटं पुसत होते. “पुतण्या माझा आळशी हाय. पण जमत नसलं की जमत न्हाय म्हणतो. तुझं काय? दोन वर्षं नुसतं व्हय. त्यातलं खरं कुठलं, ते मी कसं वळखू?”

केरबा मनगट चोळत बसला.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. कुंभारवाड्यातली सगुणाबाई उजवा हात पदरात धरून आत आली. चिखल तुडवताना घसरली होती. मनगट फुगलं होतं.

“बुवा, चाकावर हात चालला न्हाय तर चूल पेटायची न्हाय,” ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

“बसा.” मग बुवा रोजच्याच आवाजात म्हणाले, “केरबा, गोठ्यात शेण पडलंय. काढून ये. दार ओढून घे जाताना.”

केरबा सवयीनं उठला. दारापर्यंत गेलासुद्धा. “व्हय” अगदी ओठांवर आलं होतं.

मनगट ठणकत होतं.

“…न्हाय.”

शब्द बाहेर पडला आणि तो स्वतःच दचकला. आता मागं कसं फिरायचं?

“शेण मी सकाळी काढतो, उद्याबी काढीन. फटफटी धुणार न्हाय. आणि हाड बसवताना मी हितंच बसणार. हे चालत नसंल तर माझं गाठोडं तयार हाय.”

बुवा रागावले की हसताहेत, दाढीआडून काही कळेना. दोन वर्षांचं राबणं एका शब्दापायी पाण्यात गेलं, असं केरबाला वाटलं…

बुवा चटईवर जरा सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. तेलाची वाटी त्यांनी तिथं सरकवली.

“सगुणाबाई,” ते म्हणाले, “ह्याच्या हातात द्या हात. दुखलं की वरडा. हा थांबंल.”