कुमुदेची धूळपाटी

एका राज्यात उत्तरांना तोटा नव्हता, पण वाटा मात्र एकेक करून नाहीशा होत होत्या.

त्याचे असे झाले. राजा पद्मसेनाच्या दरबारात एके दिवशी काजळी डोंगरावरचा जादूगार तमोनाथ आला. त्याने तांब्याचा एक हंडा सिंहासनापुढे ठेवला आणि म्हणाला, "महाराज, या हंड्याला कोणतंही गणित घाला. उत्तर अचूक येईल."

"किंमत?" राजाने विचारले.

"काही नाही. फक्त उत्तर विचारावं. रीत विचारू नये."

फुकटच्या गोष्टीला नाही म्हणणारा राजा अजून जन्माला यायचा आहे. हंडा राजवाड्यात राहिला. बंधारा किती उंच बांधावा, फौजेबरोबर धान्य किती न्यावे, काहीही विचारा. हंडा घुमे, उत्तर देई, आणि ते कधी चुकत नसे. मग पाठशाळा हवी कशाला? तिला टाळे लागले. गणित शिकवणारे दिवाकर आचार्य घरी बसले, आणि नुसते बसवेना म्हणून परसात वांगी लावू लागले.

हंड्याला शाप होता, तो कुणाच्या ध्यानात आला नाही. त्याने एक उत्तर दिले की राज्यातली एक वाट जाई. गवत माजून वाट बुजते तशी नव्हे. दोन शेते एकमेकांना अशी चिकटत, की मध्ये पायवाट होती म्हणणाराच खोटा पडावा. आधी शेळ्यांच्या वाटा गेल्या, मग पाणंदी, मग गाडीवाटा. बाजाराला गेलेला कुंभार परत आला नाही. लोक म्हणाले, वाट चुकला असेल. तो चुकला नव्हता, वाटच उरली नव्हती. पण एवढा विचार कोण करतो!

राजाला एकुलती एक मुलगी, कुमुदा. हंडा येण्याआधी ती आचार्यांपाशी शिकत असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीवर बोटाने गणित मांडायचे, अशी ती धूळपाटी. पोर हुशार, पण एक खोड भारी. गणित चुकतेय असा नुसता संशय आला, की आचार्यांची नजर पडायच्या आत तळहाताने सगळी पाटी सपाट.

"काय मांडलं होतंस, बाळ?" आचार्य विचारत.

"काही नाही, आचार्य."

आपण चुकतो हे दुसऱ्या कुणी पाहावे, हे तिला सोसत नसे. रात्री उशीत तोंड खुपसून रडेल, पण पाटी दाखवणार नाही.

संध्याकाळी राणी चारुमती स्वतः तिचे हात धुऊन देई. तळहात धुळीने माखलेला दिसला, की लेकीने आज किती पुसले ते राणीला कळे. तो तळहात जरा अधिक वेळ आपल्या हातात धरून ठेवी, एवढेच.

साहजिकच, हंडा आल्याचा सगळ्यांत मोठा आनंद कुमुदेला झाला. आता चुकायचे कारणच उरले नव्हते.

पुढे राणी भावाच्या लग्नाला माहेरी गेली. ती परतायची होती त्या दिवशी वाट बघून कंटाळलेल्या कुमुदेने चाळा म्हणून हंड्याला एक गणित घातले. उत्तर आले. थोड्या वेळाने खिडकीत एक टिटवी येऊन बसली.

"राजकन्ये, तुझ्या उत्तरानं एक वाट खाल्ली," टिटवी म्हणाली. "वाटेवर तुझ्या आईची पालखी होती."

"खोटं बोलतेस."

"आम्हां पाखरांना वाटा लागत नाहीत. म्हणून तर वरून आम्हांला त्या नीट दिसतात. दर उत्तरामागे एक वाट तमोनाथ गुंडाळून नेतो. वाटेवरची माणसं तिच्यातच राहतात."

कुमुदा धावत राजाकडे गेली. राजा घाबरून हंड्याकडे गेला. "राणी कुठे आहे?" त्याने विचारले.

"काजळी डोंगरावर," हंडा म्हणाला. उत्तर अचूक होते. आणि ते देताच काजळी डोंगराकडे जाणारी वाटही नाहीशी झाली. राजाने कपाळाला हात लावला.

कुमुदेने मात्र आणखी कुणी काही विचारू नये म्हणून हंडा एका खेचरावर लादला आणि ती आचार्यांच्या परसात गेली. आचार्य वांग्यांना माती लावत होते.

"आचार्य, मला रीत शिकवाल?"

"कशाची?"

"ते मला माहीत नाही." "माझ्यामुळे आई हरवली."

आचार्यांनी खुरपे खाली ठेवले, हात झटकले, कोनाड्यातली धूळपाटी काखेत मारली. "माहीत नाही म्हणालीस, सुरुवात चांगली आहे," ते म्हणाले. "चल."

वाट नव्हती. टिटवी वरून ओरडे, "उजवीकडे! अहो, तुमच्या उजवीकडे!" आणि ते तिघे, खेचर धरून, काट्याकुट्यांतून चालत. असे करता करता डोंगराचा पायथा आला.

तिथे एक दगडी खांब उभा होता. खांब बोलला, "माझी उंची सांग. रीतीसकट सांग. नुसतं उत्तर दिलंस तर इथेच राहशील."

"सांगू का?" हंडा गोड आवाजात कुजबुजला. कुमुदेने कानांवर हात ठेवले.

"खांबावर चढता येणार नाही," आचार्य म्हणाले. "मग तुझ्या हाताशी काय आहे?"

"काहीच नाही. ऊन आहे. सावली आहे." आणि ती थांबली. मग उन्हात ताठ उभी राहून तिने आपली सावली मापायला लावली. सावली लांब होती, ती आखडेपर्यंत तिघे थांबले. सावली बरोबर तिच्याएवढी झाली, त्या घटकेला तिने धावत जाऊन खांबाची सावली मापली.

"आता माझी सावली माझ्याएवढी आहे," ती खांबाला म्हणाली, "म्हणजे तुझीही तुझ्याएवढी असणार. ऊन दोघांवर एकच आहे. तू वीस हात उंच आहेस."

खांब बाजूला सरला.

निम्म्या चढावर एक भला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात बांधलेल्या तीन सारख्या पिशव्या आणि दोन गोटे, दुसऱ्यात चौदा गोटे. दांडी समतोल. तराजू बोलला, "पिशवी न उघडता सांग, एकेका पिशवीत किती गोटे? दांडी कलली तर डोंगर कोसळेल."

"हे तर सोपं!" आचार्य म्हणाले. फार दिवसांनी शिकवायला मिळाले होते, त्यांना उत्साह आवरला नाही. त्यांनी पुढे होऊन पहिल्या पारड्यातले दोन गोटे उचलले. दांडी कलली, डोंगर गुरगुरला, एक धोंडा गडगडत आला आणि आचार्यांचे पागोटे उडवून खाली गेला. हंडा खदखदून हसला.

आचार्यांनी गोटे झटकन परत ठेवले. दांडी स्थिर झाली. "चुकलो," ते म्हणाले, आज ऊन फार आहे म्हणावे तसे. "एकीकडून काढले, दुसरीकडून नाही. पारडं रुसणारच."

कुमुदा त्यांच्याकडे बघतच राहिली. "आचार्य, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा म्हणजे काय! रोज चुकतो. तू पाटी इतक्या झटपट पुसायचीस की माझ्या चुका सांगायला मला सवडच मिळाली नाही."

तिला हसू आले. आई हरवल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग तिने दोन्ही पारड्यांतून एकदमच दोन दोन गोटे काढले. दांडी हलली नाही. एकीकडे तीन पिशव्या राहिल्या, दुसरीकडे बारा गोटे. "बाराचे तीन सारखे वाटे," ती म्हणाली. "एका पिशवीत चार." तराजू वर उचलला गेला आणि त्याखालून वर जायला जागा झाली.

माथ्यावर एक चौरस अंगण होते. तीन अंगांना तळ नसलेली दरी. अंगणात वळकट्या रचाव्यात तशा गुंडाळलेल्या वाटा रचलेल्या, आणि त्यांच्यामध्ये तमोनाथ बसलेला. जवळून पाहता तो म्हातारा आणि दमलेला दिसत होता.

"आई द्या," कुमुदा म्हणाली.

"या अंगणाची बाजू किती, ते मी सांगणार नाही," तमोनाथ म्हणाला. "ती तीन हातांनी वाढव, म्हणजे नवं अंगणही चौरस होईल. पाटीवर जेवढी जमीन मांडशील, तेवढी दरीवर उभी राहील. तुझी आई नव्या अंगणाच्या पार टोकाच्या कोपऱ्यात असेल. मात्र पाटीवरचं पुसलंस, तर खालची जमीनही पुसली जाईल."

कुमुदा मांडी घालून बसली. आचार्यांनी धूळ पसरून दिली. बाजू माहीत नाही, तेव्हा तिला 'य' म्हणू, असे म्हणून तिने मांडले: यचा वर्ग. जुने अंगण जागच्या जागी होतेच. मग मांडले: तीनचा वर्ग. दरीवर, अंगणाच्या कोपऱ्याला कोपरा लावून, तीन हातांचा एक लहानसा चौरस उभा राहिला. त्यावर राणी चारुमती होती.

पण त्या चौरसाच्या आणि अंगणाच्या दोन्ही अंगांना दरीच होती. दोन जमिनी फक्त एका टोकाला टेकल्या होत्या. टोकावर टेकलेली जमीन किती तग धरणार? लहान चौरस डुलू लागला. राणीने पदर आवळून धरला आणि लेकीकडे पाहिले. तिने हाक मारली नाही. पोर आधीच घाबरलेली आहे, हे तिला दिसत होते.

चुकले! सवयीने कुमुदेचा तळहात पाटीकडे गेला.

"पुसू नकोस!" आचार्य ओरडले.

"चुकलंय, आचार्य!"

"चुकलंय. पण तुझी आई जिच्यावर उभी आहे, ती जमीन बरोबर आहे. बरोबर काय ते आधी बघ, बाळ. मग राहिलंय काय ते बघ."

"मला विचार," हंडा म्हणाला. "एका शब्दात सांगतो."

"विचार, विचार," वरून टिटवी म्हणाली, "आणि मग आईला कुठल्या वाटेनं घरी नेशील तेही विचार."

कुमुदेचा हात धुळीच्या वरच थांबला. चुकलेल्या गणिताकडे ती जन्मात पहिल्यांदा डोळे उघडून पाहत होती. भयंकर असे त्यात काहीच नव्हते. मोठा चौरस होता, तो बरोबर. लहान चौरस होता, तोही बरोबर. या अंगाला एक लांब फट होती, अंगणाएवढी लांब आणि तीन हात रुंद. त्या अंगालाही तशीच.

"दोन पट्ट्या राहिल्या," ती हळूच म्हणाली. "मी टोकंच तेवढी जोडली, मधलं विसरले."

तळहात तिने मागे घेतला आणि एका बोटाने जोडून लिहिले: य गुणिले तीन, दोनदा. दरीवर एक पट्टी उभी राहिली, तिच्यामागे दुसरी. डुलणारा चौरस स्थिर झाला. राणी पट्टीवरून चालत अंगणात आली, आणि कुमुदा तिच्या कुशीत शिरली.

"उत्तर?" तमोनाथाने विचारले.

"बाजू तुम्ही सांगितली नाहीत, म्हणून आकडा नाही," ती आईच्या पदरातूनच म्हणाली. "रीत ही समोर आहे." मग ती हंड्याकडे वळली. "आणि तुझी रीत काय रे?"

हंडा घुमला. पुन्हा घुमला. त्याला शब्द सापडेना, आणि बुडापासून काठापर्यंत तो तडकला.

तशा सगळ्या वळकट्या आपोआप सुटल्या. वाटा डोंगर उतरून, शेतांमधून, आपापल्या जागी जाऊन पडल्या. एकीतून तो कुंभार डोक्यावरच्या मडक्यांसकट बाहेर आला आणि म्हणाला, "बाजार उठला तर नाही ना?"

तमोनाथ खाली मान घालून बसला होता. "लोक माझ्याकडून उत्तर घेऊन जात," तो म्हणाला. "ते आलं कसं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. वाटा आणल्या, पण एकही मला कुठे नेईना."

"पाठशाळेत या," आचार्य म्हणाले. "मागच्या रांगेत जागा आहे."

राजाने पाठशाळेचे टाळे काढले आणि तडकलेला हंडा वितळवून तिची घंटा केली. तमोनाथ मागच्या रांगेत बसू लागला. पहिले काही दिवस तोही पाटी लपवत असे. आणि त्या राज्यात चाल पडली, की आधी रीत पाहायची, उत्तर मागून. उत्तर चुकले तरी जेवढी रीत बरोबर तेवढे गुण द्यायचे. ती चाल अजून मोडलेली नाही. वाटा आपल्या जागी आल्या, माणसे आपल्या घरी आली, तशी आमची कहाणीही ठिकाणावर आली. उरले एवढेच सांगायचे.

डोंगरावरून परतल्या, त्या संध्याकाळी राणी लेकीचे हात धुवायला बसली. तळहात स्वच्छ होता. एका बोटाच्या टोकाला तेवढी धूळ लागली होती. राणीने तो हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

"आई," कुमुदा म्हणाली, "आज मी चुकले."

"मला माहीत आहे," राणी म्हणाली. "मी त्यावरच तर उभी होते."