लांबच्या वळणाचा धागा

बर्फाच्या मुलखात, एका खिंडीच्या पायथ्याशी, एकदा एक वृद्ध मेंढपाळ राहत असे. दोन रंगांच्या लोकरीचे नक्षीदार हातमोजे विणण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. चार बोटांना एकच उबदार खोळ, अंगठ्याला वेगळी, आणि पाठीवर काळ्या-पांढऱ्या लोकरीचे हिमतारे. खिंड ओलांडणारा प्रत्येक खेचरवाला त्याचेच मोजे मागे.

त्याच्याकडे एक तरुणी शिकायला आली. तिचा धाकटा भाऊ खेचरांच्या तांड्याबरोबर जाई. गेल्या हिवाळ्यात लगाम धरता धरता त्याच्या करंगळीचे टोक थंडीने गेले होते. यंदा खिंड बंद होण्याआधी तांडा पुन्हा निघणार होता, आणि भावाच्या हातात आपलेच मोजे असावेत, असा तिचा निर्धार होता.

म्हातारा एक विचित्र गोष्ट करी. मोजा विणताना तो नक्षी आतल्या बाजूला ठेवी आणि तिच्या मागून जाणारे मोकळे धागे बाहेर.

"आजोबा, डोळे अधू झाले वाटतं तुमचे? तारे आत आणि गबाळ बाहेर!"

"तू पण तसंच विण."

"पण का?"

"विणत राहा, कळेल."

वडीलधाऱ्यांचे हे उत्तर ज्याला ऐकावे लागले नाही, असा तरुण विरळाच. ती चिडली. घरी बसून तिने नक्षी बाहेर ठेवूनच मोजे विणले. आत एकही धागा लोंबू नये म्हणून प्रत्येक टाक्याला लोकर घट्ट ओढली. मोजे देखणे झाले. आतूनही स्वच्छ.

तांडा निघायच्या आदल्या सकाळी भावाने ते म्हाताऱ्याच्या अंगणातच घालून पाहिले. हात मुठीच्या हाडांपर्यंत गेला आणि अडकला.

"ताई, तारे झकास आहेत गं," तो म्हणाला, "पण हात कुठे ठेवू?"

तिचे डोळे भरून आले. म्हातारा हसला नाही. त्याने तिचा मोजा उलटा केला आणि आतल्या ताणलेल्या धाग्यांवर बोट ठेवले.

"पोरी, पांढरा टाका पुढे दिसतो तेव्हा काळा धागा त्याच्या मागून चालत असतो. नक्षी बाहेर ठेवली की तो आतल्या, आखूड वळणावरून जातो. त्यात तू त्याला ओढलंस. मी त्याला बाहेरून, लांबच्या वळणाने नेतो. मोजा सुलटा केला की तेवढी ढील आत उरते. तिच्यातच बोटं वाकतात. आणि ऊबही त्याच धाग्याची. तो मागे असतो म्हणून मोजा दुहेरी होतो."

तिने तो ताणलेला धागा बोटाने चाचपला. किती साधे, आणि किती सुंदर! मग तिने डोळे पुसले.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"ऐकलं असतंस?"

"'विणत राहा' ऐकलं नाही. हे ऐकलं असतं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिले. मग मान हलवली. "खरं आहे. तुझ्या हाताने लोकर ओढली, माझ्या जिभेने कारण ओढून धरलं. चल, उसव. एक तू विण, एक मी विणतो."

दिवस मावळेपर्यंत दोघे समोरासमोर बसून विणत राहिले. दोघांचीही नक्षी आत, धागे बाहेर. उजेड सरता सरता मोजे सुलटे झाले. तिच्या मोज्यातला एक तारा जरासा वाकडा होता.

पहाटे भावाने ते घातले, लगामावर मूठ वळवली. मूठ पूर्ण मिटली. तो खिंडीकडे निघाला आणि वळणावर हात उंचावून त्याने वाकडा ताराच आधी दाखवला.

पुढच्या हिवाळ्यात नवी मुलगी शिकायला आली. तिच्या हाती सुया देण्याआधी म्हाताऱ्याने एक मोजा उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आधी हे बघ."

मागून चालणाऱ्या धाग्याला ढील द्यावी, आणि शिकणाऱ्याला कारण.