मोरपंखी अकीक

“या पेटीच्या बदल्यात नदीकाठचं कुरण सौदागराला दिलं!” राजा वीरभानाने भर दरबारात जाहीर केलं, आणि गुराख्याची पोर ठकू गर्दीतून पुढे घुसली.

“थांबा, महाराज! मग गावाची गुरं चरायची कुठे? आणि हे अकीक तर रंगवलेले आहेत!”

उघड्या पेटीत अकीकाच्या दगडाचे मणी होते, एकजात मोरपंखी निळे. सौदागर झुंबरशेठ उसळला. “रंगवलेले? अगं, पाताळातून आलेत हे!”

आपली निवड चुकली हे ऐकायची राजाला सवयच नव्हती. “पोरी, सिद्ध कर! पण मण्याला हात लावायचा नाही. घासायचा नाही, फोडायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही. हरलीस तर कुरणही गेलं आणि तुझ्या बापाची गुरंही!”

ठकूची जीभ मात्र शाबूत होती.

“मी नाही हात लावत. तुम्हीच एक मणी उजेडात धरा. रंग दाट कुठे दिसतोय?”

राजाने मणी डोळ्याजवळ नेला. “या बारीक भेगांत. नुसता साकळलाय.”

“आणि बाकीचे मणी?”

“हुबेहूब असेच.”

“आम्हाला नदीत अकीक सापडतात ते दुधाळ, मधाळ, विटकरी. एकासारखा दुसरा नाही. रंग बाहेरून मुरवला, की तो असा भेगांत साचतो!”

“दगड म्हणजे काय लुगडं आहे रंगवायला?” झुंबरशेठ खो खो हसला.

राजालाही ते पटलं. “खरंच की! लुगड्या-धोतराशिवाय माणसं काय रंगवतात? दाखव बरं या दरबारात!”

“दाखवते. पण रागावणार नाही ना?”

“नाही!”

“महाराज, तुमची मिशी!”

दरबार गारठला. राजा कलप लावतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची छाती कोणाची नव्हती. प्रधानजींनी तर डोळेच मिटून घेतले.

“केस न् केस सारखाच काळा,” ठकू म्हणाली, “आणि ओठावरच्या सुरकुत्यांत रंग साकळलाय. हात न लावताच कळलं की!”

“म्हणजे माझी मिशी खोटी?” राजा गरजला.

“छे! मिशी अस्सल आहे. अकीकही अस्सलच आहे. उसना आहे तो फक्त रंग! त्यापायी अख्खं कुरण कशाला द्यायचं?”

राजाने आरसा मागवला. मिशी इकडून निरखली, तिकडून निरखली, आणि असा हसत सुटला की मुकुट कानावर आला. झुंबरशेठ पेटी बगलेत मारून केव्हाच पसार झाला होता.

“कुरण गावाला कायमचं इनाम! ठकूला दुभती गाय!” राजा डोळे पुसत म्हणाला. “आणि आमच्या न्हाव्याला सांगा, उद्यापासून चार केस पांढरे ठेव!”