चौथ्या स्क्रूचा डबा

या, आत या. चपला काढू नका, खाली पत्र्याचा कीस पडलेला असतो. मी शिवगोंडा मगदूम. या शेडची किल्ली माझ्याकडं असते, आणि पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय.

आधी दाराशेजारचा हा बिस्किटांचा जुना डबा बघा. हात घाला आत. सगळे स्क्रूच आहेत, लहान-मोठे, हजारभर तरी असतील. आता समोरच्या फळीवरची यंत्रं बघा. मागावर दोरा तुटला की पेटणारा हा दिवा, फोनवरून चालू-बंद होणारा हा पंपाचा खटका, सायकलच्या चाकापासून केलेलं हे मागासाठी सुताची कांडी भरायचं यंत्र. प्रत्येकाच्या झाकणाला चार भोकं आहेत आणि स्क्रू तीनच. नवीन माणसाला वाटतं, ही मंडळी एकतर विसराळू नाहीतर चिक्कू. मागं एक इंजिनिअर साहेब आले होते. त्यांना राहवलं नाही, त्यांनी आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यातून स्क्रूड्रायव्हर काढून एक चौथा स्क्रू बसवला. आम्ही त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं, आणि तो स्क्रू काढून परत डब्यात टाकला.

असं का, त्याची गोष्ट सांगतात ती अशी.

इचलकरंजीतली ही शेड मूळची यंत्रमागांची. माग भंगारात गेले, शेड ओस पडली, तेव्हा चार खटपट्या माणसांनी ती घेतली आणि बाहेर ‘हॅकरस्पेस’ अशी पाटी लावली. आठवड्यात एक हवालदार आले म्हणे, इथं कुणाची बँक फोडताय ते विचारायला. त्यांचा बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करून दिला तेव्हा ते गेले. गावानं मात्र या जागेचं नाव ‘उचापतखाना’ ठेवलं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त शोभतं. हत्यारं सगळ्यांची, टेबलं सगळ्यांची. ज्यानं जे केलं ते गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांपुढं मांडायचं, त्याला आम्ही ‘दाखवणी’ म्हणतो.

त्या काळात इथं एक जॉबर येत असे. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं त्यानं मागांखाली पाठीवर पडून काढलेली. मागाला झाकण नसतं, सगळं उघडं असतं, नुसत्या कानानं बिघाड कळतो. त्याच सुमाराला चौगुले बाई यायला लागल्या. इंदुमती चौगुले, नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या सोल्डरिंग शिकल्या, आणि आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा त्यांचा हात सुबक होता.

एका गुरुवारी बाईंनी दाखवणीत काही मांडलं नाही. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझा आवाज जाणार आहे. घशात गाठ आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मला स्वतःचं काही नाही हो, मी पाटीवर लिहीन. पण आईला दिसत नाही.”

त्यांच्या आई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, डोळे पार गेलेले. घरात दोघीच. म्हातारी बसल्या जागेवरून दिवसातून पन्नासदा हाक मारायची, “इंदू, हायस का?” बाई म्हणायच्या, “आई, मी इथंच आहे.” मग तिचा जीव भांड्यात पडायचा. आता हे वाक्य कोण म्हणणार, एवढाच बाईंचा प्रश्न होता.

जॉबर म्हणाला, “बाई, मी करतो की. बोला तुम्ही, मी भरून ठेवतो.”

तीन आठवडे बाई रोज दुपारी इथं येऊन बोलत होत्या. दोनशे साठ वाक्यं. प्रत्येकाला नंबर दिला, आणि पाठ करायला बाईंना एक दिवस लागला. सात म्हणजे ‘जेवण वाढलंय’, चाळीस म्हणजे ‘औषध घेतलंस का?’, आणि पहिला नंबर म्हणजे ‘आई, मी इथंच आहे’. जॉबरनं हातात मावेल अशी पेटी केली. नंबर दाबला की बाईंचा आवाज यायचा.

इथवर सगळं नीट झालं. पण उचापतखान्याची एक खोड होती, अजून आहे. टेबलावर काही दिसलं की कुणीतरी ते उघडणारच. उघडलं की सुधारणारच. दोन दिवसांपूर्वी तुम्ही केलेलं घड्याळ परत घ्यायला यावं, तर त्याला निळा दिवा लागलेला असायचा आणि वेळ मात्र चुकलेली. जॉबरला भीती वाटली, हा बाईंचा आवाज आहे, याला कुणाचा हात लागता कामा नये. म्हणून त्यानं पेटीत काठोकाठ राळ ओतली आणि वर झाकण ठेवून चारही स्क्रू आवळले. राळ वाळून दगडासारखी झाली. जन्मभर उघड्या यंत्रांवर जगलेल्या माणसानं पहिल्यांदा एक पेटी केली आणि ती अशी बुजवून टाकली.

मूळ आवाज शेडच्या कॉम्प्युटरवर होता. तो कॉम्प्युटर रेश्मा मुजावर नावाची मुलगी सांभाळायची. तिनं पंधरा दिवस दारावर कागद लावला होता, ‘मशीन साफ करणार आहे, आपापलं सामान काढून घ्या.’ जॉबर रोज त्या कागदाखालून आत आला. त्याचा सगळा भरवसा राळेवर होता. पंधरा दिवसांनी रेश्मानं कॉम्प्युटर साफ केला. तिची काही चूक नव्हती.

ऑपरेशन झालं, बाईंचा आवाज गेला, आणि चौदा महिने पेटी बोलली. आणि एका सकाळी बाईंनी पहिला नंबर दाबला तर काहीच आलं नाही. आतून आईची हाक आली, “इंदू, हायस का?” बाईंनी परत दाबला. म्हातारीला हाताला धरून सांगायला गेल्या तर तिनं हात झटकला, “कोण गं तू? इंदूला बोलव.” त्या दिवसापासून ती जेवेना; ओळखीच्या आवाजाची शेजारीण पाजेल तेवढं दूध घ्यायची. परक्या बाईच्या हातचं खाणार नाही म्हणाली.

बाई पेटी घेऊन इथं आल्या. राळ फोडायला नऊ दिवस लागले असं सांगतात. उकळतं पाणी झालं, केस वाळवायचं यंत्र झालं, सोनाराची करवत झाली. सगळे म्हणत होते, पाळीपाळीनं करू. जॉबर कुणाला हात लावू देईना. “मी ओतलीय, मीच काढणार,” एवढंच म्हणायचा. नवव्या दिवशी करवत नखभर जास्त आत गेली. आवाजाचं कार्ड मधोमध चिरलं.

आणि मग बिघाड दिसला. बॅटरीची लाल वायर सुटली होती. सोल्डरचा एक ठिपका, दोन मिनिटांचं काम. झाकण उघडता आलं असतं तर बाईंनी स्वतःच केलं असतं.

इथं काहीजण गोष्टीला मीठमसाला लावतात. पेटी फुटताना आपोआप बोलली म्हणे, दिवे गेले म्हणे. तसलं काही झालं नाही. जॉबर खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बाईंनी पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं, ‘हेतू बरोबर. रीत चूक. पाचपैकी दोन.’ मग त्यांचेच डोळे भरून आले आणि त्यांनी पाटी पुसली.

रेश्मानं जॉबरचा फोन मागितला. “काका, कॉम्प्युटरच्या आधी तुम्ही यावर एकदा ट्रायल घेतली होती. पुसलीय का?” त्याला ठाऊकच नव्हतं. सुविचारांच्या हजार चित्रांखाली एक सात सेकंदांचा तुकडा सापडला. त्यात आईसाठी काहीच नव्हतं. बाईंनी बोलून बघितलं होतं आणि शेवटी जॉबरला नाव घेऊन विचारलं होतं, एवढंच.

तेवढंच घेऊन सगळे बाईंच्या घरी गेले. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. रेश्मानं फोन तिच्या कानाशी धरला आणि ते वाक्य वाजलं. म्हातारी हळूहळू उठून बसली. म्हणाली, “हा कोण बाप्या मधीच? असू दे. इंदू, परत म्हण.” परत वाजवलं. “परत म्हण.” अकरा वेळा वाजवलं असं सांगतात. मग तिनं बाईंचा हात चाचपून धरला आणि पेज मागितली. पुढं दोन वर्षं, अगदी शेवटपर्यंत, तिनं ‘हायस का?’ विचारलं की तेच वाक्य वाजायचं, आणि तेवढं तिला पुरायचं.

पुढच्या गुरुवारी बाई दाखवणीला आल्या. जॉबर सुटं झाकण हातात घेऊन कोपऱ्यात उभा होता. बाईंनी त्याच्या खिशातून त्या झाकणाचा एक स्क्रू काढला, या डब्यात टाकला, आणि पाटीवर लिहिलं, ‘इथं केलेलं काहीही पुरतं बंद होणार नाही. चौथं भोक पुढच्या माणसाचं.’ त्यावर सगळ्यांनी शपथ घेतली. भोकातून धूळ जाते, मान्य आहे. धूळ पुसता येते.

आता डब्यावरचं ते लाल बटण दाबा. दाबा, दाबा.

‘शिवगोंडा, नीट आलं का, का परत म्हणू?’

होय. तो जॉबर मीच. ‘म्हणे’ लावून सांगितलं म्हणजे कसंबसं तोंडातून बाहेर पडतं. बाईंना जाऊन तीन वर्षं झाली. पाचपैकी उरलेले तीन काही त्यांनी मला दिले नाहीत, आणि बरोबरच केलं.

आजही दर गुरुवारी, दाखवणी सुरू होण्याआधी, ज्यानं नवीन काही केलं असेल तो आपला चौथा स्क्रू या डब्यात टाकतो आणि हे बटण दाबतो. बाई विचारतात. आणि लेथवरचा, कॉम्प्युटरवरचा, चहाच्या स्टोव्हवरचा, जो असेल तो हातातलं काम थांबवून म्हणतो, “परत म्हणा, बाई.”

तुम्हीही म्हणा आता, म्हणजे मी परत दाबतो.