अमुक पापाच्या क्षयार्थ

पूर्वी कृतयुगात, जेव्हा धर्म चारही पायांवर उभा होता आणि मृत्यू माणसाकडे वेळ झाल्यावरच येत असे, तेव्हा वेत्रधारा नदीच्या उत्तर तीरावर शालवन नावाचा एक आश्रम होता. तेथे होमधूमाने करडे झालेले शालवृक्ष दाटीने उभे होते, हरिणी यज्ञवेदीला पाठ लावून निर्भयपणे रवंथ करीत आणि पिढ्यान्‌पिढ्या वेदघोष ऐकून पंडित झालेले शुक बटूंच्या पाठातल्या चुका फांदीवरून दाखवीत. रोग हा शब्द त्या लोकांच्या कोशात होता, पण कोणाच्या कुटीत नव्हता. त्यामुळे तेथील तपस्वी रोगाविषयी फार आत्मविश्वासाने बोलत.

त्या आश्रमात महर्षी पर्णव्रतांची भार्या स्वरिणी राहत असे. वय जेमतेम एकशे वीस, म्हणजे त्या युगाच्या मानाने ती पोरसवदाच. सामगायनात तिचा हात धरील असा कोणी त्या तीरावर नव्हता. ती दुपारी माध्यंदिन सवनाच्या, म्हणजे सोमरस काढण्याच्या, वेळी गाऊ लागली की समिधा फोडणारे हात थांबत आणि नदीपलीकडचे गोपाल गायी सोडून पाण्याशी येऊन उभे राहत. त्या काळी स्त्रीने साम गाणे कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. ते काम पुढच्या युगांतल्या शहाण्यांनी केले.

आता सोमाला, म्हणजे चंद्राला, दक्षाने शाप दिला आणि राजयक्ष्मा हा क्षयरोग त्याच्या अंगात घातला, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे देवांनी रदबदली केली, दक्षाचे मन द्रवले, सोमाला क्षयामागून वृद्धीचा उःशाप मिळाला आणि स्वर्गात आनंदीआनंद झाला. परंतु त्याच्या अंगातून निघालेला यक्ष्मा गेला कुठे, हे विचारण्याचे भान त्या गडबडीत एकाही देवाला राहिले नाही. मोठ्यांचे दुखणे हलले की ते कोणाच्या अंगणात पडले हे पाहायला कोणाला सवड असते? तो यक्ष्मा निराधार होऊन वाऱ्याबरोबर खाली उतरला.

त्याच वसंतात, सोमसवनाच्या दिवशी, गाता गाता एका लांबवलेल्या प्लुत स्वरावर स्वरिणीला ठसका लागला. लोक हसले, तीही हसली. महिन्याभरात तिला रोज संध्याकाळी ज्वर येऊ लागला, मनगटातली कंकणे कोपरापर्यंत सरकू लागली आणि एके सकाळी तिच्या कुशासनावर रक्ताचे थेंब पडले. तिने पहिल्यांदा आसन उलटे करून ठेवले. पण रक्त थांबेना, तेव्हा पर्णव्रतांना ते दिसलेच.

प्रथम सारा आश्रम तिच्या कुटीशी लोटला. कोणी मध आणला, कोणी औषधी वाटून दिली. औषधींनी काही उतार पडेना, तेव्हा लोकांच्या नजरा बदलल्या. ती नदीवर येताच ऋषिपत्नी आपले घट वरच्या घाटाला नेऊ लागल्या. 'स्वरिणी आणि स्वैरिणी यांत एका मात्रेचेच अंतर आहे' असे एका वैयाकरणाने म्हटले आणि ते विनोद म्हणून सर्वत्र पसरले. त्या वैयाकरणाचे नाव मला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ते टिकू नये म्हणून मी सांगत नाही.

शेवटी आश्रमाचे कुलपती धर्मकेतू पर्णव्रतांच्या कुटीत आले. जटाभार मस्तकी बांधलेला, दंड हाती आणि चेहऱ्यावर अपार करुणा. ते दुष्ट नव्हते, हे आधीच सांगतो. दुष्ट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

"पर्णव्रता," कुलपती म्हणाले, "या व्याधीवर एकच उपाय आहे, निष्कृती इष्टी, पापक्षालनाचा यज्ञ. ती मी स्वतः करीन. परंतु संकल्प यजमानाने स्वमुखे उच्चारावा लागतो. 'अमुक गोत्राची, अमुक नावाची मी, अमुक पापाच्या क्षयार्थ ही इष्टी करते.' गोत्र ठाऊक आहे, नाव ठाऊक आहे. तिसऱ्या अमुकाच्या जागी काय घालावे, ते हिने सांगावे."

"भगवन्‌, मला ते ठाऊक नाही," स्वरिणी म्हणाली.

"कन्ये, आठव. व्याधी हे फळ आहे आणि फळ बीजावाचून धरत नाही."

"मी आठवून थकले. एकदा भिक्षेकऱ्याला थांबवून ठेवले होते, कारण साम अर्ध्यावर होते. एकदा सासूबाईंवर मनातल्या मनात चिडले होते."

कुलपतींनी मान हलवली. "एवढ्या मोठ्या व्याधीला एवढेसे पाप पुरणार नाही. याहून मोठे काही असले पाहिजे."

हे ऐकून स्वरिणीचे डोळे पेटले. "आणि त्या ढेरपोट्या पिंडोदराचे काय? तो तपस्वी म्हणवतो, चोरून सोमरस पितो, व्यालेल्या गायीला काठीने मारतो, हे सारा आश्रम जाणतो. त्याला साधे पडसेसुद्धा का होत नाही? त्याचे बीज कोणत्या भूमीत पडले आहे, भगवन्‌?"

"त्याचे फळ पुढे येईल," कुलपती शांतपणे म्हणाले. "आज प्रश्न तुझा आहे." आणि अमावास्येपर्यंतची मुदत देऊन ते निघून गेले.

पर्णव्रत त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. मग ते तिच्यापाशी येऊन बसले. वेदार्थाच्या वादात भल्याभल्यांना गप्प करणारा तो पुरुष, पण त्या दिवशी विनवणीवर आला.

"प्रिये, काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"काहीही. कुलपतींना पटेल असे. इष्टी होऊ दे. तू उठलीस की मी त्या असत्याचे प्रायश्चित्त जन्मभर करीन. मला तू हवी आहेस, तुझी निर्मळता घेऊन मी काय करू?"

स्वरिणीने त्यांच्याकडे पाहिले. आपल्या माणसाने इतक्या प्रेमाने इतके वाईट काही मागावे, याचे तिला रडू आले. पण तिलाही जगायचे होते. तिने होकार दिला.

अमावास्येला मध्याह्नी वेदी सजली. दर्भ अंथरले, आज्याची, म्हणजे तुपाची, पात्रे मांडली, सारा आश्रम गोलाकार बसला. दोघींनी धरून आणलेली स्वरिणी यजमानाच्या आसनावर बसली आणि हातात उदक घेऊन स्पष्ट स्वरात म्हणाली,

"शौनहोत्र गोत्राची, स्वरिणी नावाची मी, पतीच्या अनुपस्थितीत गार्हपत्य अग्नी विझू दिला आणि कोणास न सांगता तो पुन्हा पेटवला, या पापाच्या क्षयार्थ ही इष्टी करते."

सभेतून एक सुस्कारा उठला. असा दोष म्हणजे पतीने त्या अग्नीत दिलेल्या साऱ्या आहुती व्यर्थ. कुलपतींचा चेहरा उजळला. इतके मोठे पाप त्या व्याधीला अगदी मापात बसत होते. आणि पर्णव्रत, ज्यांनी स्वतःच हे असत्य मागून घेतले होते, ते किंचित वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "खरेच विझला होता का?"

मी ही कथा अनेकदा सांगितली आहे. हा प्रश्न गाळून ती सांगावी असे मला दर वेळी वाटते.

तिने हातातले उदक सोडले. कुलपतींनी मंत्रोच्चारासह पहिली आहुती टाकली. ज्वाला वर चढली, पण आज्य जळेना. ते तसेच ज्वालेवर तरंगत राहिले. दुसरी टाकली, तीही तशीच. तेव्हा कुंडातून साक्षात हुतवह अग्निदेव प्रकट झाले. त्यांचे केस पिंगट, नेत्र रक्तवर्ण आणि मुद्रा गोंधळलेली होती.

"धर्मकेतो, मी काय जाळू? या गृहातला गार्हपत्य मीच आहे आणि मी तेथे एक क्षणही विझलेलो नाही. जे पाप घडलेच नाही, त्याचा क्षय मी कसा करू? ही तुझी आहुती परत घे. आणि हे साध्वी, माझ्यासमोर माझ्याविषयीच असत्य का बोललीस?"

पर्णव्रतांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. पण कुलपती धर्मकेतू मात्र ताडकन उठले आणि त्यांनी हात उंचावला. "सापडले! अग्नीसमक्ष असत्यकथन! हेच ते पाप! व्याधी आधी आली आणि पाप मागून घडले, एवढाच क्रमभेद. सर्वज्ञ विधात्याने फळ आगाऊ दिले!"

आणि सभेने 'साधु, साधु' म्हटले. खरोखर म्हटले.

स्वरिणी हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि पांढऱ्या दर्भांवर रक्त सांडले. ते तिने या वेळी झाकले नाही. ती म्हणाली, "देवा, यांना विचारून भागले. आता जो माझ्या छातीत बसला आहे, त्याला बाहेर बोलाव. मला त्यालाच विचारू दे."

अग्नीने हाक दिली, तेव्हा तिच्या श्वासाबरोबर राजयक्ष्मा बाहेर येऊन वेदीपाशी उभा राहिला. त्याला दाढा नव्हत्या, नखे नव्हती. वाट चुकलेल्या वाटसरूसारखा तो भांबावून इकडेतिकडे पाहत होता.

"मी काय केले होते?" तिने विचारले.

"तू गात होतीस," यक्ष्मा म्हणाला. "मला सोमाकडून हाकलले होते, मी थकलो होतो. तुझे मुख उघडे होते. स्वर लांब होता, म्हणून ते फार वेळ उघडे राहिले. मी आत शिरलो."

"एवढेच?"

"एवढेच. त्या वेळी तो स्थूल तपस्वी जांभई देत असता, तर त्याच्या तोंडात शिरलो असतो. कोण पुण्यवान, कोण पापी, हे पाहण्याची दृष्टी मला कोणी दिलेली नाही."

"मग आता जा. सत्य कळले, आता जा."

यक्ष्म्याने मान खाली घातली. "शिरणे मला येते. जाणे देवांच्या रदबदलीने होते. सोमासाठी सारे देव आले होते. तुझ्यासाठी कोण आले आहे?"

सभेत कोणी हालले नाही. यक्ष्मा पुन्हा तिच्या श्वासात विलीन झाला.

तेव्हा खजील झालेले अग्निदेव म्हणाले, "साध्वी, असत्य तुझ्याकडून वदवून घेतले गेले, त्याचा लेप तुला नाही. वर माग."

"आयुष्य माग!" पर्णव्रत ओरडले.

"ते माझ्या अधिकारात नाही," अग्नी म्हणाले. "तेवढे सोडून काहीही."

"तेवढे सोडून बाकीचे सगळे माझ्यापाशी होतेच, देवा," स्वरिणी म्हणाली. मग जवळच्या खांबाचा आधार घेऊन ती उभी राहिली. ज्वराने तापलेल्या तिच्या मुखावर त्या क्षणी असे तेज होते की आसपासचे तपस्वी मागे सरकले. "तरी मागते. जो रुग्ण 'तू काय केलेस' या प्रश्नाला उत्तर देणार नाही, त्याला त्या मौनाचा दोष लागू नये. संकल्पातले ते तिसरे अमुक त्याने कोरेच ठेवावे आणि तरीही त्याची आहुती तू स्वीकारावीस."

"तथास्तु," अग्नी म्हणाले.

"आणि धर्मकेतो, तुम्ही सर्वांनी ऐका. तुम्ही धर्मासाठी विचारत नव्हता, भीतीने विचारत होता. माझे पाप सापडले की तुम्ही सुरक्षित, एवढाच तुमचा हिशेब होता. म्हणून तुम्ही आणि तुमच्यासारखे यापुढचे सर्व जण रुग्णाच्या उशाशी बसून कारण शोधतच राहाल. ते तुम्हांला कधी सापडणार नाही आणि ती भीती तुम्हांला कधी सोडणार नाही."

पर्णव्रत पुढे आले. "मीही विचारले होते."

"होय," ती म्हणाली. "तुम्हीही."

त्यानंतर ती शरद ऋतूपर्यंत जगली. तिची सेवा पर्णव्रतांनी एकट्याने केली. कूस बदलून देणे, मस्तकी ओले वल्कल ठेवणे, रक्त पुसणे, सारे त्यांनीच केले. शाप मात्र त्यांना सोडीना.

"त्या दिवशी दुसऱ्या कोणी गायले असते तर," एके दुपारी ते पुटपुटले. "मीच तुला पुढे बसवले होते. माझेच काही..."

"आर्यपुत्र," ती कष्टाने म्हणाली, "पुन्हा कारण? पाणी द्या."

त्यांनी पाणी दिले. ते तिने अर्धे घेतले, अर्धे हनुवटीवरून ओघळले, आणि त्यानंतर तिने काही मागितले नाही.

पिंडोदर पुढे चारशे वर्षे उत्तम प्रकृतीने जगला आणि झोपेत वारला.

स्वरिणीचा शाप तंतोतंत फळला. आजही आजाऱ्याला भेटायला येणारे उशाशी टेकतात आणि विचारतात, काय खाल्लेस, कुठे गेला होतास, कोणाचा तळतळाट घेतलास. आणि घाबरलेल्या चेहऱ्यांनी घरी परततात. वरही अग्नीने दिला आहे आणि तो अजून मागे घेतलेला नाही. परंतु युगे लोटली तरी फार थोड्या रुग्णांनी त्याचा उपयोग केला. बाकीचे सारे, कोणी विचारायच्या आधीच, भिंतीकडे तोंड करून म्हणतात, माझेच काही चुकले असेल.