गुळगुळीत गलबत

फार जुनी गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात येसू नावाची सुतारीण राहायची. खऱ्या गलबतांची छोटी लाकडी गलबतं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिथं एक रीत होती. गलबत मोडीत निघालं की त्याची छोटी प्रतिकृती वाजतगाजत मिरवायची. पण त्याआधी त्यावरच्या प्रत्येक खलाशानं आपल्या जागेची फळी बोटानं दाखवायची. एकालाही ती सापडली नाही, तर मिरवणूक रद्द!

त्या वर्षी एक जुनं गलबत मोडीत निघालं. येसूनं त्याच्या प्रतिकृतीचा खालचा आणि वरचा भाग वेगवेगळा केला, त्यांवर फळ्यांच्या रेघा कोरल्या आणि दोन्ही भाग जोडले. मधे फट राहिली. तिनं फटीत लाख आणि भुसा भरला. मग घासलं, इतकं घासलं की सांधा दिसेना.

"लोणी आहे लोणी!" प्रधान म्हणाले. चकचकीत काहीही दाखवा, प्रधान मान डोलावणारच! येसू मात्र हरखली.

मिरवणुकीच्या सकाळी खलाशी आले. त्यांच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या तांडेलाला, आता दिसत नसे. गलबतावरून त्याचं बोट सरसर घसरत गेलं.

"पोरी, हे गलबत की भोपळा? वादळात मी ठिगळ ठोकलं, ती फळी कुठाय?"

येसूचा चेहरा पडला. "तांडेलकाका, सांधा लपवायला गेले आणि फळ्याच घासून टाकल्या."

"मग कोर पुन्हा! हात मोडलेत का?"

"ढोल सुरू झालेत, काका."

"वाजवू दे. दमतील तेव्हा दमतील!"

येसूनं पितळेची पट्टी धरून टोच्यानं रेघ ओढली. लाखेवर टोचा घसरला. रेघ वाकडी गेली.

"राहू दे गं," प्रधान म्हणाले. "गुळगुळीतच छान दिसतं."

"तुम्हाला दिसतं, प्रधानजी. काकांना कसं दिसायचं?"

तिनं वाकडी रेघ बुजवली. लाख सुकू दिली. या वेळी जोर न लावता एकेका रेघेवरून टोचा पुन्हा पुन्हा हळूहळू फिरवत राहिली. फळ्या उमटल्या, तशा बाकीच्या खलाशांनी आपापल्या दाखवल्या. शेवटी चौकोनी ठिगळही उमटलं.

तांडेलाचं बोट सरकत आलं आणि थबकलं.

"मेल्या, इथं लपलास होय!" तो ठिगळाला म्हणाला, आणि सगळं बंदर हसलं.

गलबत तांडेलाच्याच डोक्यावर मिरवलं. येसू पुढे नाचत होती, आणि ढोलकरी अजून दमले नव्हते.

तात्पर्य: सांधा बुजवताना ओळखीच्या खुणा पुसू नयेत, आणि पुसल्याच तर लाजत न बसता पुन्हा कोराव्यात.